चवदार तळ्याच्या वाटेवर तहानलेल्या बाया

20 मार्चला महाडला जायचे, चवदार तळ्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायचे आणि रात्रीच अकलूजची वाट धरायची, हा आमच्या वस्तीचा शिरस्ता. गेल्या वर्षी महिला मंडळाने एक दिवस वाढवून मागितला. "एवढं लांब जातोय तर समुद्र बघून येऊ," असे सगळ्यांचे म्हणणे पडले. गाडीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी म्हटले की त्यांना नीरा, कॅनॉल आणि वस्तीवरचा नळ एवढेच ठाऊक.

घाट उतरेपर्यंत उन्हाचा कडाका सुरू झाला. माझ्या शेजारच्या मावशींचे ओठ सुकलेले दिसले. बाटली पुढे केली तर म्हणाल्या, "नको बाई. वाटंत कुठं बसायचं? म्हून मी सकाळपासनं पाणीच पेले न्हाय." मी मागे वळून विचारले. गाडीतल्या बहुतेक बायांचे तेच उत्तर.

1927 साली बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी प्याले ते माणूसपणाच्या हक्कासाठी. त्या हक्काला वंदन करायला निघालेल्या बाया तहान मारून बसल्या होत्या. मी बरीच वर्षे नर्स म्हणून काम केले. लघवीला आग होते, ओटीपोटात दुखते, थंडी वाजून ताप येतो, असे सांगत येणाऱ्या कितीतरी बायांना "पाणी कमी पिता का?" विचारले की त्या मान खाली घालायच्या. पाणी न पिणे आणि लघवी तुंबवून ठेवणे यामुळे जंतुसंसर्ग बळावतो, तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. गरोदर बाईला तर यात मोठा धोका. मी ड्रायव्हरदादांना सांगितले, दर दोन तासांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवा. ते लगेच हो म्हणाले. इतकी वर्षे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते!

महाडहून दुपारी निघून माणगाव, इंदापूर, तळा असे गेलो. हे रायगडातले इंदापूर, आपले शेजारचे नव्हे. तळ्याच्या पुढे खाडीजवळच्या डोंगरात कुड्याची 26 बौद्ध लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात सोमदेव नावाच्या वैद्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. त्याचे वडीलही वैद्य आणि उपासक. दानात मुलांबरोबर मुलींचीही नावे कोरली आहेत. औषधपाणी करणाऱ्या घराने धम्मासाठी डोंगर कोरून घेतला, हे ऐकून आमच्या आशाताईंची मान ताठ झाली.

मुरूडला मुक्काम करून सकाळी फणसाड अभयारण्यात गेलो. हे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे रान. 1986 साली ते अभयारण्य झाले. आता तिकीट काढून कुणीही पायवाटेने हिंडावे. बिबट्या, सांबर, भेकर या रानात आहेत. आम्हाला दिसले ते शेकरू, आपल्या राज्याचा प्राणी. तांबूस अंगाची ही मोठी खार या झाडावरून त्या झाडावर झेप घेते. पाणवठ्याला इथे 'गाण' म्हणतात. गाणावर कुठलेही जनावर येऊन पाणी पिते, त्याला कुणी अडवत नाही. त्यावर एक आक्का म्हणाल्या, "जनावरांला मोकळीक, आन् आपल्या आज्ज्या-पणज्यांला तळ्यावर बंदी व्हती." मग बराच वेळ कुणी बोलले नाही.

रानात चालताना पायात बूट हवेत. पालापाचोळ्यात हात घालू नये. साप चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरची लस तिथे मिळते.

ऊन कलल्यावर काशीदच्या किनाऱ्यावर आलो. पांढरी वाळू, सुरूची झाडे. बाया लहान पोरींसारख्या धावल्या. इथेच मी शिट्टी वाजवली. आपली पोरे विहिरीत, कॅनॉलला पोहायला शिकतात आणि समुद्राला विहीर समजतात. विहिरीचे पाणी माणसाला ओढत नाही, समुद्राचे ओढते. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. म्हणून आम्ही नियम केला: गुडघ्याच्या वर पाणी नको, ओहोटीत आत जायचे नाही, लाटेकडे पाठ करायची नाही, भिजलेल्या नऊवारीत तर अजिबात नाही. दारू प्यालेला माणूस गाडीतच बसेल.

पाण्याने ओढलेच तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम जातो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, मग काठाकडे वळा. बुडणाऱ्यामागे उडी घेऊ नका. दोरी, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका. उताणे निजवा, नाक दाबून तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध जोराने आणि भरभर 30 वेळा दाबा, पुन्हा 2 श्वास द्या. मदत येईपर्यंत थांबू नका.

साखरेच्या पेशंटने तापल्या वाळूत अनवाणी चालू नये. पायाला बधिरता असली तर भाजलेले कळत नाही. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या घरी विसरू नका. ओआरएसची पाकिटे पिशवीत असू द्या.

परतीच्या वाटेवर त्या मावशींनी आपणहून बाटली मागितली. पोटभर प्याल्या आणि थोड्या वेळाने मोठ्याने म्हणाल्या, "ड्रायव्हर, गाडी थांबवा." कुणी हसले नाही. चार बाया त्यांच्याबरोबर उतरल्या.

येत्या 20 मार्चला तुमच्या वस्तीतून गाडी निघेल तेव्हा भाडे ठरवतानाच थांबे ठरवा. पाण्याचा कॅन निळ्या झेंड्याइतकाच आठवणीने घ्या. आणि बायांना एक दिवस जास्तीचा द्या. उसाच्या फडात आणि चुलीपुढे वाकलेल्या पाठीला रानातल्या सावलीत चालण्याची, लाटेत पाय बुडवण्याची गरज आहे. तीही तब्येतीचीच बाब आहे.