कानशिलावर मोजलेला वेग

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात डॉ. रॉबर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध छापून आला. सिकलसेल असलेल्या मुलाला लकवा मारण्याआधीच धोका ओळखता येतो आणि बराचसा टाळताही येतो, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं होतं. निबंधातली मुलं अमेरिकेतली होती. पण त्याच आजाराची मुलं तेव्हाही नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यापाड्यांवर होती, आजही आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि तीतले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभरच्या आदिवासींचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत सिकलसेलचं प्रमाण त्यांना २० ते ३५ टक्के आढळलं. यातले बहुतेक जण नुसते वाहक, म्हणजे ‘एएस’. त्यांना सहसा त्रास होत नाही, उलट लहानपणी मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. आई-बाप दोघंही वाहक असले, की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता ‘एसएस’, म्हणजे आजार असलेल्या बाळाची.

‘एसएस’ मुलाच्या हिमोग्लोबिनमध्ये फरक असतो तो एवढासा. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. पेशीतला प्राणवायू सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक वाहिन्यांत अडकते. हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी पडतं, पानथरी सुजते, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मेंदूचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या जुन्या पाहणीत एसएस असलेल्या शंभरांतल्या सुमारे अकरा जणांना विसाव्या वर्षाच्या आत पक्षाघात झालेला दिसला. त्याहून कितीतरी जास्त मुलांच्या मेंदूत छोट्या-छोट्या जागा मरतात आणि हात-पाय मात्र धड राहतात. हे मूक घाव एमआरआयवरच दिसतात. असं मूल वर्गात मागे पडतं, पाढे विसरतं, लक्ष लावू शकत नाही. आश्रमशाळेत त्याला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलं जाण्याची भीती मला फार वाटते. दुखणं मेंदूचं आणि शिक्षा मुलाला!

एमआरआयसाठी लहान मुलाला बराच वेळ निश्चल पडून राहावं लागतं, पुष्कळदा गुंगीचं औषध द्यावं लागतं. तोरणमाळ किंवा मोलगीच्या बाजूच्या आई-बापांना त्यासाठी मजुरी बुडवून मोठं शहर गाठणं किती जड जातं, हे वेगळं सांगायला नको. ॲडम्स यांनी वापरलेली तपासणी याहून फार साधी होती.

तिचं मूळ आहे आकाशात. १८४२ साली प्राग शहरात ख्रिश्चन डॉपलर यांनी जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल तर त्यांची वारंवारता वाढलेली भासते, दूर जात असेल तर कमी झालेली. ताऱ्यांच्या रंगांचं त्यांचं स्पष्टीकरण टिकलं नाही, तत्त्व मात्र टिकलं. तारे आणि दीर्घिका किती वेगानं जवळ येताहेत किंवा दूर जाताहेत हे खगोलशास्त्रज्ञ त्याच तत्त्वानं मोजतात. १९८२ मध्ये रूने आस्लिड यांनी हे तत्त्व वापरून कवटी न उघडता मेंदूच्या मुख्य धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजून दाखवला.

तपासणी अशी. डोळा आणि कान यांच्या मधोमध, कानशिलावर, कवटीचं हाड पातळ असतं. तिथे जेली लावून पेनाएवढी प्रोब टेकवायची. तिच्यातून २ मेगाहर्ट्झचा ध्वनी आत जातो आणि धावत्या रक्तपेशींवरून परततो. यंत्रातून ‘हुश्श-हुश्श’ आवाज येतो, पडद्यावर डोंगररांगेसारखा आलेख उमटतो. सुई नाही, किरण नाहीत. मूल जागं आणि शांत असलं पाहिजे, कारण झोपेत किंवा रडताना आकडा बदलतो. पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की धार जोरात उडते, तशीच धमनी अरुंद झाली की रक्त तिच्यातून जोरात धावतं. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर ठीक. २०० किंवा त्यावर गेला तर धोका मोठा: उपचार न झाल्यास अशा शंभर मुलांपैकी सुमारे दहांना एका वर्षात पक्षाघाताचा झटका येतो.

ॲडम्स यांनी असा वाढलेला वेग असलेली १३० मुलं घेतली. निम्म्यांना नियमित रक्त दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. रक्त न मिळालेल्यांपैकी अकरा मुलांना झटका आला, मिळालेल्यांपैकी एकाला. फरक इतका ढळढळीत होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला.

दर तीन-चार आठवड्यांनी रक्त देत राहणं सातपुड्यात अवघड आहे, आणि त्या रक्तातून साठत जाणाऱ्या लोहाचा उपाय आणखी वेगळा. पण हायड्रॉक्सियुरिया हे तोंडानं घ्यायचं औषध आहे. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन यांनी आपल्याकडच्या मुलांत ते कमी मात्रेतही गुणकारी असल्याचं दाखवलं. नायजेरियात कानो आणि कडुना इथे, जिथे नियमित रक्त मिळणं तितकंच कठीण, तिथल्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांना ही डॉपलर तपासणी शिकवली गेली आणि धोक्यातल्या २२० मुलांना हे औषध दिलं गेलं. कमी मात्रा आणि मध्यम मात्रा घेणाऱ्या गटांत झटक्यांच्या प्रमाणात एकमेकांपेक्षा ठोस फरक आढळला नाही, हा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कानोत जे जमतं ते शहाद्यात का जमू नये?

यावर एक उत्तर ऐकायला मिळतं: भारतीय सिकलसेल सौम्य असतो. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे काहींना त्रास कमी होतो, हे खरंच आहे. पण सौम्य म्हणून मोजायचं नाही आणि मोजलं नाही म्हणून सौम्य, या चक्रात मूल अडकतं. भिल्ल-पावरा मुलांच्या कानशिलावर किती वेग येतो, १७० आणि २०० या सीमा त्यांना तशाच लागू पडतात का, हे नंदुरबारमध्येच मोजून ठरवायला हवं. २०२० पासून जिल्ह्याला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. याहून निकडीचा संशोधनविषय त्याला कुठे मिळणार?

१ जुलै २०२३ रोजी शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. रक्ततपासणीत मूल एसएस आहे हे कळतं. त्याच्या मेंदूचं काय चाललंय हे कळत नाही. डॉपलर तपासणी दोन ते सोळा या वयात दरवर्षी करायची असते. सहा वर्षांपुढची पुष्कळ मुलं आश्रमशाळांत एका जागी सापडतात, आरोग्य तपासणीच्या वेळीच त्यांचं काम उरकता येईल. दोन ते सहा वयाची मुलं पाड्यावर असतात. त्यांच्यासाठी यंत्र अंगणवाडीत न्यावं लागेल, आणि सुरुवात तिथूनच व्हावी, कारण पहिला झटका पुष्कळदा त्याच वयात येतो.