भाताच्या पातीची हाक

तंजावर म्हटले की मराठी मनाला सरफोजी राजे, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख आठवतो. परंतु कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशाचे नित्याचे वैभव म्हणजे तेथील भातशेती. कुरुवै आणि सांबा या हंगामांवर शेतकऱ्याचे सारे वर्ष अवलंबून असते. याच भातशेतात डोळ्यांना न दिसणारा एक संवाद अखंड चालू असतो.

तपकिरी तुडतुडे रोपाच्या बुंध्याशी बसून रस शोषतात. प्रादुर्भाव वाढला की उभ्या शेतात करपलेल्या रोपांचे गोलाकार पट्टे दिसू लागतात. रोपाला पळून जाता येत नाही. तरीही ते असहाय नसते. तुडतुड्यांनी ग्रासलेले रोप निरोगी रोपाहून वेगळा गंध हवेत सोडते. गांधीलमाशीच्या गणातील, मिलिमीटरभरही लांब नसलेली ॲनाग्रस नावाची मादी त्या गंधाच्या मागाने येते आणि रोपाच्या ऊतींत दडलेल्या तुडतुड्याच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्यातून मग तुडतुडा जन्मत नाही. बाहेर पडते ती नवी ॲनाग्रस! चीनमधील संशोधकांनी हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे.

हा गंध केवळ जखमेचा नव्हे. नुकत्याच कापलेल्या गवताचा वास आपल्या परिचयाचा आहे. तो कोणत्याही जखमेतून येतो. अमेरिकेत मक्याच्या रोपांवर झालेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र असे आढळले, की पान नुसते खरवडल्याने हा विशेष गंध फारसा येत नाही. जखमेवर अळीच्या तोंडातील द्रव लावला, की काही तासांनी तो दरवळू लागतो. शत्रूची ओळख पटल्यावरच जणू रोप हाक देते.

ही हाक ऐकणारा मात्र जिवंत असावा लागतो. सरसकट फवारणीने मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे उलट फोफावतात. याच अनुभवामुळे इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

तंजावर जिल्ह्यातील आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन चालते. खोडकिडा व पाने गुंडाळणारी अळी यांच्यासाठी तमिळनाडूत ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची शिफारस केली जाते. फवारणीवर होणारा खर्च हाही अनेकदा पीककर्जातलाच पैसा असतो. म्हणून पंप खांद्यावर घेण्यापूर्वी शेतात उतरून किडींबरोबर मित्रकीटकही मोजावेत. बोलावलेला पाहुणा कदाचित दारात येऊन उभाही असेल!