जखम भरली, पण ऋण फिटले काय?

रणवाद्ये वाजू लागली म्हणजे लोकांचे औदार्य आपोआप जागे होते. 1962 साली चीनने आक्रमण केले तेव्हा गरीब संसारांतील स्त्रियांनीसुद्धा अंगावरचे सोने राष्ट्रीय संरक्षण निधीस काढून दिले. हे सर्वस्वी स्तुत्य होय. परंतु युद्धबंदीची बातमी छापून आली की हा उत्साह ओसरतो; आणि ज्याचा पाय गेला, ज्याचा पाठीचा कणा दुखावला, त्या शिपायाची दुसरी लढाई तेथूनच सुरू होते. ह्या लढाईत समाजाचे कर्तव्य कोणते, हे पाहावयाचे असेल तर खडकीकडे पाहावे.

खडकी म्हटले की कोणास 5 नोव्हेंबर 1817 ची लढाई आठवते, कोणास 1869 सालचा दारूगोळ्याचा कारखाना. तेथील युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील 1,668 कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ह्या देशात मरण पावलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. मृतांची नोंद अशी चोख आहे. आमचा प्रश्न जिवंत राहिलेल्यांचा आहे.

1917 मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नींच्या पुढाकाराने जायबंदी हिंदी शिपायांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत निघाली व पुढे ती खडकीस आली. ह्याच गव्हर्नरसाहेबांनी 10 जून 1918 रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांचे भाषण मध्येच अडविले आणि लोकमान्य सभा सोडून गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. लोकांचे शिपाई हवेत, पण लोकांचे म्हणणे नको, हा न्याय कोणता? तथापि सत्ताधाऱ्याच्या दुराग्रहासाठी चांगले काम टाकून देणे शहाणपणाचे नव्हे. परकी राज्य गेले, संस्था मात्र राहिली. कारण तिचे तत्त्व खरे होते. अपंग शिपायास भिक्षा घालावयाची नाही, त्याच्या हातास धंदा द्यावयाचा, हे ते तत्त्व. 1971 च्या युद्धानंतर, 1974 मध्ये, कंबरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले. अशा कामांस लोकांच्या देणग्यांचा आधार लागतो. असा आधार व संधी मिळाल्यास मनुष्य काय करतो, हे 1965 च्या युद्धात जखमी झालेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवून जगास दाखविले.

हे सर्व सरकारचे काम, आम्ही काय करावे, असे कोणी म्हणेल. सरकारची जबाबदारी पहिली, ह्यात शंका नाही. जखमी शिपायाचे निवृत्तिवेतन व औषधोपचार हा त्याचा हक्क होय, मेहेरबानी नव्हे. तो हक्क मिळविण्यासाठी त्याला कोर्टाची पायरी चढावी लागणे हे राज्यास लांच्छनास्पद आहे. 2016 च्या कायद्याने सरकारी आस्थापनांत अपंगांसाठी निदान 4 टक्के जागा राखल्या, तेही योग्यच झाले. परंतु कायदा जागा देईल, शेजार देणार नाही. हुकूम निघेल, पण दुकानाच्या पायरीशेजारी उतरण आपल्यालाच बांधावी लागेल.

1949 पासून दर 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी छातीवर चिमुकला ध्वज लावून डब्यात नाणे टाकले की ऋण फिटले, असे समजू नये. पुण्याच्या आसपास कारखाने व कचेऱ्या कमी नाहीत. त्यांच्या मालकांनी खडकीत शिकून तयार झालेल्या एकेका शिपायास पुऱ्या वेतनावर कामास घ्यावे. ज्याने आपल्यासाठी पाय दिला, त्याला निदान बसावयास जागा व करावयास काम देणे, हा दानधर्म नव्हे. ती मुद्दलाच्या परतफेडीची सुरुवात होय.