पडद्यावरील रंग कागदावर कसे उतरतात?

घरातील एखाद्या दिवंगत वडीलधाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर अगदी जिवंत वाटते. भिंतीवर लावण्यासाठी तेच घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापले, तर मात्र चेहरा तांबूस होतो, पांढऱ्या धोतरावर गुलाबी झाक येते आणि ओळखीचा माणूस परका दिसू लागतो. मग दोष कधी शाईला दिला जातो, कधी कागदाला, तर कधी यंत्राला. नवी शाई येते, नवा कागद येतो. तरीही रंग जुळत नाहीत. पुष्कळदा यांपैकी कोणातही बिघाड नसतो. चूक झालेली असते ती आकड्यांचा अर्थ लावण्यात. ती कशी होते आणि कशी टाळावी, हे आपण येथे पाहू.

आकडा म्हणजे रंग नव्हे

संगणक छायाचित्रातील प्रत्येक बिंदूसाठी सामान्यतः तीन आकडे नोंदवून ठेवतो: तांबड्याचा, हिरव्याचा आणि निळ्याचा. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधील असला, तर त्यांच्या एकूण १,६७,७७,२१६ जुळण्या होतात. परंतु हे आकडे म्हणजे प्रत्यक्ष रंग नव्हेत. ‘तांबडा इतका, हिरवा इतका, निळा इतका’ अशी ती केवळ आज्ञा आहे. तांबडा नेमका कोणता, हे आकडा सांगत नाही. दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या दूरदर्शन संचांवर एकच कार्यक्रम निरनिराळ्या रंगांत दिसतो, याचे कारण हेच.

प्रिंटरच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. पडदा स्वतः प्रकाश देतो. तेथे तीन रंगांच्या प्रकाशांची बेरीज होते. कागद मात्र आपल्यावर पडलेला प्रकाश परत पाठवतो, आणि शाई त्यातून काही भाग वजा करते. निळसर-हिरवी ‘सायन’ शाई मुख्यतः तांबडा प्रकाश शोषते, किरमिजी शाई हिरवा आणि पिवळी शाई निळा. गडद भागांसाठी काळी शाई मदतीला असते. शिवाय साध्या कागदाच्या तंतूंत शाई मुरते व पसरते, तर छायाचित्राच्या खास कागदावरील लेप तिला पृष्ठभागाजवळ धरून ठेवतो. म्हणून तेच थेंब एका कागदावर तेजस्वी तर दुसऱ्यावर मलूल दिसतात.

डोळ्याचे माप

रंग मापायचा तर माणसाच्या डोळ्यालाच प्रमाण मानले पाहिजे. तीन मूळ रंगांच्या मिश्रणातून रंगीत चित्र घडवता येते, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवून दिले. एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांमधून घेतली होती; ती तशाच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक टाकताच फीत रंगीत दिसू लागली. पुढे राइट आणि गिल्ड या इंग्रज संशोधकांनी अवघ्या सतरा निरीक्षकांच्या साहाय्याने रंग जुळवण्याचे प्रयोग केले. त्यांच्या आधारे आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९३१ साली ‘प्रमाण निरीक्षक’ ठरविला. तेव्हापासून कोणताही रंग यंत्रावर अवलंबून न राहता आकड्यांत सांगता येऊ लागला.

प्रोफाइल हा एक शब्दकोश

याच पायावर ‘कलर प्रोफाइल’ उभी आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या संघटनेने तिचा सर्वमान्य नमुना तयार केला. प्रोफाइल म्हणजे एक प्रकारचा शब्दकोशच होय. एका यंत्राचे आकडे डोळ्याच्या प्रमाण भाषेत काय होतात, आणि प्रमाण भाषेतील रंग उमटवण्यासाठी यंत्राला कोणते आकडे द्यावेत, हे त्यात लिहिलेले असते.

प्रिंटरची प्रोफाइल बनविताना शेकडो रंगीत चौकोन छापतात, ते वाळू देतात आणि प्रत्येकावरून परावर्तित होणारा प्रकाश उपकरणाने मोजतात. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल: ही प्रोफाइल एकट्या प्रिंटरची नसते, तर प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांची मिळून असते. तिघांपैकी एक बदलला की शब्दकोश चुकीचा ठरतो. स्वस्त पर्यायी शाई भरल्यावर रंग बिघडतात, ते बहुधा यामुळेच.

निवड कशी करावी

छायाचित्राला स्वतःची प्रोफाइल असते. बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल ‘एसआरजीबी’ देतात. ते १९९९ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. ‘अ‍ॅडोबी आरजीबी’मध्ये, विशेषतः हिरव्या बाजूस, अधिक रंग मावतात. छायाचित्रात जी प्रोफाइल असेल ती तशीच राहू द्यावी. छपाईच्या वेळी मात्र प्रिंटरसाठी एसआरजीबी निवडू नये, पडद्याचीही निवडू नये. आपल्या प्रिंटरची व त्या विशिष्ट कागदाची प्रोफाइल निवडावी. ती यंत्राच्या चालक-प्रणालीबरोबर येते अथवा कागदाच्या उत्पादकाकडून मिळते. छपाईच्या पटलावर कागदाचा प्रकारही तोच नोंदवावा, कारण किती शाई सोडायची हे त्यावरून ठरते.

यानंतरचा नियम सर्वांत महत्त्वाचा: भाषांतर एकदाच व्हावे. छायाचित्राची आज्ञावली रंग सांभाळत असेल, तर प्रिंटरची स्वतःची रंगदुरुस्ती बंद करावी. ते काम प्रिंटरवर सोपवायचे असेल, तर आज्ञावलीने त्यात हात घालू नये. दोघांनीही दुरुस्ती केली, की भाषांतराचे पुन्हा भाषांतर होते. आरंभी वर्णिलेला तांबूस चेहरा हे अनेकदा याचेच फळ असते.

आवाक्याबाहेरचे रंग

पडद्यावरील काही झगझगीत रंग शाईने उमटतच नाहीत. गायकाचा आवाज वरच्या सुरांना पोहोचत नसेल, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात: सगळे गाणेच खालच्या पट्टीत घ्यावे, अथवा बाकीचे सूर जागच्या जागी ठेवून न पोहोचणारे तेवढे जमेल तिथपर्यंत न्यावेत. ‘पर्सेप्च्युअल’ ही रीत पहिल्या मार्गासारखी आहे. ती सर्व रंग थोडे आवळते व त्यांचे परस्परसंबंध राखते. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ ही दुसऱ्यासारखी. फुलांच्या भडक चित्राला अनेकदा पहिली मानवते, सौम्य रंगांच्या व्यक्तिचित्राला दुसरी.

एक प्रयोग

वाचकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. चेहरा, हिरवे पान आणि पांढरे किंवा करडे वस्त्र असलेले एक छायाचित्र घ्यावे. एकाच जातीच्या कागदावर त्याच्या दोन प्रती छापाव्यात: एक योग्य प्रोफाइल वापरून व प्रिंटरची दुरुस्ती बंद ठेवून, दुसरी तीच प्रोफाइल ठेवून पण दुरुस्ती चालू करून. मागे खुणा कराव्यात व एक दिवस वाळू द्याव्यात. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीजवळच्या उजेडात, आणि रात्री दिव्याखाली पाहाव्यात. प्रथम करड्या वस्त्राकडे नजर द्यावी. त्यावरील अल्प झाकही डोळा ओळखतो. प्रकाश बदलला की तीच प्रत निराळी भासते, हेही तेव्हा दिसून येईल.

पडदा आणि कागद यांचे रंग तंतोतंत कधीच एक होणार नाहीत, कारण एक प्रकाश देतो आणि दुसरा तो परत पाठवतो. परंतु आकड्यांचा अर्थ योग्य कोशातून आणि एकदाच लावला, तर भिंतीवरील चेहरा पुन्हा ओळखीचा दिसेल. आणि त्यासाठी नवे यंत्र विकत घेण्याची गरज बहुधा पडणार नाही.