हँडब्रेकची पोपटी वायर

कापसाचे चुकारे हाती आले की आपल्याकडे घरोघरी काहीतरी नवे येते. कुणी विहिरीवरची मोटर बदलतो, कुणी मुलीच्या लग्नाचे सोने करून ठेवतो, आणि ज्याच्या दारात बोलेरो किंवा दुसरी एखादी चारचाकी उभी आहे तो हल्ली गाडीत मोठ्या पडद्याचा टेप बसवतो. टेप म्हणायची सवय आपली जुनी. आता त्यात कॅसेट जात नाही. शाळेच्या पाटीएवढा काचेचा पडदा असतो, त्यावर गाणी लागतात, रस्त्याचा नकाशा दिसतो, गाडी मागे घेताना मागचे चित्र दिसते आणि पिक्चरही पाहता येतो. कंपनीचा साधा टेप काढून हा बसवायचे काम तास-दोन तासांचे. त्या कामातल्या एकाच वायरीबद्दल आज लिहायचे आहे, कारण तिच्यापायी एका गरीब माणसाच्या बैलाचा पाय मोडला.

माझ्या पुतण्याने दिवाळीनंतर यवतमाळला असा टेप बसवून घेतला. मी सोबत होतो. कारागीर पोरगा हाताचा चलाख होता. पिवळी वायर बॅटरीला, लाल चावीला, काळी बॉडीला, असे भराभर जोडत गेला. शेवटी एक पोपटी वायर उरली. मी विचारले, "ही कशाची रे बाबा?"

"काका, ही हँडब्रेकची. कंपनीवाल्यायची झंझट हाय. हँडब्रेक ओढल्याबिगर पिक्चरच दिसत नाही. मी बॉडीले जोडून देतो, मंग गाडी पळत असली तरी दिसते."

पुतण्या खूश झाला. मला त्यातले काही कळत नव्हते, मीही मान हलवली.

माघात घाटंजीकडचे एक लग्न आटोपून आम्ही पांढरकवड्याच्या रस्त्याने घरी निघालो होतो. दिवेलागण झाली होती. मागे पोरे बसलेली, पडद्यावर कुठला तरी हसण्याचा सिनेमा लागलेला. पोरे एकदम खदखदून हसली, तसे पुतण्याने काय झाले म्हणून पडद्याकडे पाहिले. मीही पाहिले, खोटे कशाला सांगू? मान वर केली तेव्हा पुढ्यात पऱ्हाट्यांनी भरलेली बैलगाडी होती. तिला ना दिवा, ना मागे चमकणारी पट्टी. पुतण्याने गाडी कापली म्हणून माणूस वाचला, पण उजव्या अंगाचा बैल खाली आला. गाडीवान शेजारच्याच गावचा निघाला. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून एवढेच म्हणाला, "भाऊ, तुमाले आमी दिसलोच कसे नाही जी?"

पैसे आम्ही भरून दिले. तो बैल पुन्हा जुवाखाली गेला नाही.

त्यानंतर मी ती वायर समजून घेतली. गोष्ट अगदी सोपी आहे. हँडब्रेकच्या दांड्याच्या मुळाशी एक बारकी कळ असते. दांडा वर ओढला की ती कळ आपल्या वायरीला गाडीच्या लोखंडाशी, म्हणजे अर्थिंगशी जोडते, आणि समोर लाल दिवा लागतो. दांडा खाली सोडला की जोड तुटतो, दिवा विझतो. टेपची पोपटी वायर याच वायरीला जोडायची असते. तिला अर्थिंग मिळाले की टेप समजतो, गाडी उभी आहे, पिक्चर दाखवायला हरकत नाही. अर्थिंग गेले की तो चित्र बंद करतो. गाणी बंद होत नाहीत, नकाशा बंद होत नाही, मागचा कॅमेराही चालतो. बंद होते ते फक्त सिनेमाचे चित्र. आता ही वायर सरळ बॉडीला ठोकली, तर टेपच्या हिशेबाने गाडी जन्मभर उभीच! सुटी झालेली मेंढी खुंट्याला बांधलेली आहे, असे राखणदाराला खोटे सांगण्यासारखे ते आहे.

रंगाचे एक सांगून ठेवतो. बहुतेक नावाजलेल्या कंपन्यांत ही वायर पोपटी असते, पण स्वस्तातल्या मालात रंग निराळा असू शकतो, म्हणून टेपसोबतचा कागद पाहावा. काही टेपांत तर वायरीचीही गरज ठेवत नाहीत. आतल्या सेटिंगमध्येच चालत्या गाडीत व्हिडिओ दाखवायची मुभा असते आणि दुकानदार ती परस्पर देऊन ठेवतो. काही कंपन्या हुशार आहेत. नुसत्या अर्थिंगने त्यांचा टेप फसत नाही, दांडा सोडून पुन्हा ओढलेला त्याला कळावा लागतो. त्यावरही बाजारात एक छोटी डबी मिळते, ती खोटेच दांडा ओढल्याचे भासवते. पैसे देऊन फसवणूक विकत घ्यायची, ती कुणाची तर स्वतःची.

आणखी एक प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. वायर नीट जोडलेली, पण चालक हँडब्रेक एक दात ओढून गाडी हाकतो. कळ पहिल्याच दाताला लागते, पिक्चर सुरू होतो, आणि मागचे ब्रेक चाकाला घासत राहतात. ड्रम तापतो, लायनर जळतात, करपट वास येतो. मग मिस्त्रीकडे जाऊन विचारायचे, ब्रेक का लागत नाही?

साठच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. पडद्याकडे दोन सेकंद पाहिले तर तेहेतीस मीटर. तीन फुटी लावणीच्या कापसात हे अंतर सुमारे छत्तीस तासांचे झाले. डोळे मिटून छत्तीस तास ओलांडायचे आणि मध्ये बैल नाही, लेकरू नाही, रोही नाही, असे धरून चालायचे. आपल्या रस्त्यांवर संध्याकाळी काय काय असते ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय आपण दोन्हीकडचे आहोत. आज गाडीत बसलेला उद्या बंडीवर बसतो. म्हणून बंडीच्या मागे चमकणारी पट्टी लावायचेही मनावर घ्या. आमच्या गाडीवानाकडे ती असती तर कदाचित आम्हाला तो आधी दिसला असता. तरी चूक आमचीच होती.

कायद्याचे थोडक्यात. केंद्राच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या विनियमांप्रमाणे गाडी हाकताना चालकाने व्हिडिओ पाहायचा नाही, वाट शोधण्यापुरती सूट आहे. धोकादायक रीतीने गाडी चालवली तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८४ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरी बसचा चालक गाडी चालवताना मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. प्रवाशाने त्याचे चित्रण करून परिवहन मंत्र्यांकडे पाठवले आणि चालकाची नोकरी गेली. बसमध्ये प्रवासी होते, नशीब की नुसती नोकरीच गेली.

दुकानात गेल्यावर काय सांगायचे? वायर हँडब्रेकच्या कळीलाच जोडा, असे स्पष्ट सांगा. लाल दिव्याजवळ जोडून देणे कारागिराला सोपे पडते, पण पुष्कळ गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाले तरी तोच दिवा लागतो, मग टेपची गफलत होते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची काळी वायर काढायला लावा. पिवळ्या वेष्टणातल्या वायरींच्या झुपक्याला हात लावू देऊ नका, त्या एअरबॅगच्या असतात. नवी वायर सीटच्या रुळाखालून नेऊ नये, ती घासून उघडी पडते. जोड नुसता पिळून चिकटपट्टी मारलेला नको. आपल्याकडे गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते, उंदीर बाकीचे काम करतातच. मागे बसणाऱ्या पोरांना पिक्चर हवाच असेल तर पुढच्या सीटच्या पाठीला वेगळा पडदा लावता येतो. तो चालकाला दिसत नाही, म्हणून चालत्या गाडीतही सुरू राहतो.

आम्ही पुढल्याच आठवड्यात दुसऱ्या कारागिराकडून वायर सोडवली. आमच्या गाडीची कळ चिखलपाण्याने गंजली होती, लाल दिवा कधीचा लागत नव्हता आणि कुणी लक्षही दिले नव्हते. कळ बदलली, पोपटी वायर तिला जोडली. अंगणात गाडी उभी करून, चाकांना दगड लावून पुतण्याच्या मुलीला पुढे बसवले. तिने दांडा वर केला, पिक्चर दिसला. दांडा खाली केला, पडदा काळा झाला. चार-पाच वेळा तिने तसे केले आणि खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाली, "आजोबा, चित्र गेलं तरी गाणं तं चालूच हाय!"