अंतरपाट कुठल्या ठोक्यावर सरकवायचा

लग्नाच्या दोन मिनिटांच्या टीझरमध्ये सत्तर-ऐंशी कट सहज असतात. पूर्वी गाणं ऐकत प्रत्येक ठोक्याला कीबोर्डवरची 'एम' कळ दाबायची आणि टाइमलाइनवर मार्करांची रांग उभी करायची, असं काम चाले. आता सॉफ्टवेअर काही सेकंदांत खुणा काढून देतं. प्रीमिअर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या 'ऑटोमेट टू सीक्वेन्स'ला सांगितलं, की निवडलेल्या क्लिपा त्या खुणांवर ओळीने जाऊन बसतात. हळद, वरात, हार घालणं, सगळं ठोक्याला ठोका. आणि असा टीझर तिसाव्या सेकंदाला कंटाळवाणा होतो.

यंत्र ऐकतं कसं, ते कळलं की असं का होतं तेही कळतं. आवाजाचे अगदी बारीक तुकडे करून, मागच्या तुकड्यापेक्षा पुढच्यात कुठल्या पट्टीतला जोर एकदम वाढला, हे ते पाहतं. अशा उसळ्यांमध्ये कुठलं अंतर पुन्हापुन्हा येतं, यावरून लय ठरते. कोलंबिया विद्यापीठातल्या डॅनिएल एलिस यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत आजही बरीच वापरली जाते. जोरकस उसळ्यांवर पडणारी आणि शक्यतो समान अंतर राखणारी ठोक्यांची मालिका ती निवडते. तरीही मिनिटाला ७० ठोक्यांची लय १४० ची समजली जाणं नेहमीचं आहे. मग संथ गाण्यावर दुप्पट कट पडतात आणि नवरीचा चेहरा नीट दिसायच्या आतच निघून जातो.

पुढचा प्रश्न फ्रेमचा. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमवर स्थिरावल्यावर हॉलिवूडचे संगीतकार लय फ्रेममध्येच मोजत. १२ फ्रेमचा क्लिक म्हणजे मिनिटाला १२० ठोके. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर भोकं पाडून टकटक तयार करत, आणि ती कानात ऐकत वादक वाजवत. तिथे संगीत चित्राच्या मापाने बेतलं जाई. आमच्याकडे गाणं तयार असतं आणि चित्राला त्याच्या मागे जावं लागतं. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ११० च्या लयीचा ठोका १३.६४ फ्रेमचा होतो. प्रत्येक क्लिप १४ फ्रेमची कापली, तर ३२ ठोक्यांनंतर कट साडेअकरा फ्रेम मागे पडलेला असतो. म्हणून प्रत्येक खूण गाण्याच्या सुरुवातीपासून मोजावी लागते, आणि हे काम यंत्र माझ्यापेक्षा निश्चितच चांगलं करतं.

पण ठोक्यावर नेमकं काय यायला हवं? बहुतेक वेळा कट नव्हे, त्या दृश्यातला क्षण यायला हवा. अंतरपाट उतरायला वेळ लागतो. महत्त्वाची असते ती दोघांची नजरानजर. अक्षतांच्या दृश्यात दाणे बोटांतून सुटतात तो क्षण. मी क्लिपवरच त्या क्षणी मार्कर लावते आणि तो गाण्याच्या मार्करला जुळवते. मग कट आपोआप आठ-दहा फ्रेम आधी, हात वर जात असतानाच पडतो. यंत्राला क्लिपची सुरुवात तेवढी ठाऊक असते. कट खरोखरच ठोक्यावर हवा असेल, तर तोही एक फ्रेम अलीकडे ठेवते. चित्र आधी आणि आवाज किंचित मागून, हे डोळ्यांना चालतं; निसर्गातही प्रकाशच आधी पोहोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतही हेच दिसतं: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला की खटकू लागतो, मागे पडायला मात्र १२५ मिलिसेकंदांची मुभा आहे.

आपल्या तालांत खरी परीक्षा लागते. रूपकाच्या सात मात्रा, आणि पहिल्याच मात्रेला, समेवरच काल, म्हणजे डग्ग्याचा घुमारा नसलेली जागा! डग्ग्याची घुमारदार थाप चौथ्या मात्रेवर येते. खर्जातल्या जोरावरून आवर्तनाची सुरुवात शोधणारं आणि चार-चारचे गट धरणारं सॉफ्टवेअर इथे हमखास चुकतं. तबल्याची साथ असलेलं नाट्यपद कुणी टीझरला निवडलं, तर मी यंत्राच्या खुणा पुसून टाळी देत बसते. समेवर मोठं दृश्य आलं पाहिजे, आणि सम ही ऐकणाऱ्याला आतून ठाऊक असलेली जागा आहे.

वरातीतल्या ढोल-ताशाला तर ठरलेली लयच नसते. रंग चढतो तशी ती वाढत जाते, आणि ताशाच्या दाट काठीकामात यंत्राला प्रत्येक आघात ठोका वाटतो. त्यात टिपरू ढोलावर पडताना डोळ्यांना दिसतं, त्यामुळे तिथे दुसरं गाणं चालवलं की विसंगती लगेच उघडी पडते. अशा ठिकाणी मी गाणं हळूहळू उतरवते, कॅमेऱ्याचा मूळ आवाज वर आणते आणि एकच लांब शॉट ठेवते, एकही कट न करता.