राणीच्या बागेतील वृक्ष

मुंबईतील भायखळा येथे १८६२ साली एक विस्तीर्ण उद्यान लोकांसाठी खुले झाले. व्हिक्टोरिया राणीच्या नावावरून लोक त्यास ‘राणीची बाग’ म्हणू लागले. आज त्याचे नाव ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान’ असे आहे. परळ-लालबागकडील मुलांना ते घरच्या अंगणाइतके जवळचे. परंतु ही मुले तेथे जातात ती प्राणी पाहण्यासाठी! २०१७ पासून तर पेंग्विन पाहण्यासाठी एवढी गर्दी लोटते, की वाटेवरील वृक्षांकडे मान वर करून पाहण्यास कोणास सवड नसते.

मीही लहानपणी त्यांतलाच. वाघाच्या पिंजऱ्यापुढे मी तासन्‌तास उभा राहत असे; माझ्या डोक्यावर सावली धरणाऱ्या झाडाचे नाव मात्र मी कधी विचारले नाही.

मुलांनो, तुम्ही प्रथम कैलासपतीपाशी थांबा. बहुतेक झाडांना फुले फांद्यांच्या टोकांस येतात. येथे ती थेट बुंध्यातून निघालेल्या वेड्यावाकड्या डहाळ्यांवर उमलतात. पाकळ्या जाड व गुलाबी. मध्ये केसरांची नागाच्या फणेसारखी वळलेली छत्री आणि तिच्याखाली जणू लहानशी पिंडी. म्हणूनच हे नाव पडले. सुगंध असा, की झाड दिसण्यापूर्वीच ते जवळ आल्याचे कळावे. फळे मात्र तोफेच्या गोळ्यांसारखी असतात. तेव्हा फुले डोळे भरून पाहावीत, पण झाडाखाली बसू नये! नावाने इतका आपलासा झालेला हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे.

उर्वशी ही म्यानमारची, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाची. तिच्या तांबड्या फुलांचे लांब घोस झुंबरांसारखे खाली लोंबतात. माझ्या मते फुलांपेक्षाही तिची पालवी अधिक पाहण्याजोगी. ती तांबूस व इतकी शिथिल असते, की झाड सुकले असावे असे अजाणास वाटते. काही दिवसांनी तीच पाने हिरवी होऊन ताठ उभी राहतात.

२००७ साली या उद्यानाची नव्याने मांडणी करण्याची योजना पुढे आली, तेव्हा जुन्या वृक्षांचे काय होणार, ही चिंता अनेक नागरिकांस वाटू लागली. ‘झाडे वाचवा’ असे मोघम म्हणणे निराळे आणि कोणत्या वळणावर कोणता वृक्ष उभा आहे हे सांगता येणे निराळे. त्यांच्यातील काहींना ते सांगता येत होते. त्यांनी नेटाने विरोध केला व मूळ योजना पुढे बदलावी लागली.

आता राहिली गोरखचिंच. ही आफ्रिकेतून आलेली. तिचा बुंधा एवढा फुगीर, की चारपाच मुलांनी हात धरून वेढा घालावा! त्यात ती पाणी साठवून ठेवते. उन्हाळ्यात ती निष्पर्ण असते. पाऊस आला, की पानांनी भरून जाते. तिची मोठी पांढरी फुले लांब देठांवर खाली तोंड करून लोंबतात आणि दिवस मावळल्यावर उमलतात. तोवर उद्यानाचे दरवाजे बंद झालेले असतात. ती उमलताना मी अद्याप पाहिलेली नाहीत. पावसाळ्यात सकाळी लवकर गेलो, तर झाडाखाली एखादे कोमेजलेले फूल सापडते. ते मी उचलून नातवाच्या हाती देतो.